राखुंडीचं पेटंट

सेलमध्ये किती जीव उरलाय ते बॅटरीअण्णांना जिभेनं कळायचं. तारेचा तुकडा सेलच्या बुडाला दाबायचा, तारेचं दुसरं टोक आणि सेलची टोपी एकदम जिभेला टेकवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "आंबट हाय. चालंल अजून आठ दिस." किंवा, "फिक्का पडलाय." किंवा नुसतंच, "गेला." टेबलावर चांगला मीटर होता. एकदा मी मुद्दाम त्यांच्या निकालानंतर मीटर लावून पाहिला, तर काट्यानंही तेच सांगितलं. "मग मीटर कशाला ठेवलाय, अण्णा?" म्हटलं, तर म्हणाले, "गिऱ्हाइकाचा माझ्या जिभेवर इस्वास न्हाई, काट्यावर हाय."

रामनगरच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. आमच्या जोयडा तालुक्यात टॉर्चलाही बॅटरी म्हणतात, जीपच्या पेटीलाही बॅटरी आणि सोलर दिव्याच्या डब्यालाही बॅटरीच. तिन्ही दुरुस्त करणारा म्हणून ते बॅटरीअण्णा. त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. मलाही बरीच वर्षं नव्हतं, आणि ते विचारून घ्यावं असं मला कधी वाटलं नाही. ही गोष्ट मला पुढं फार लागली.

त्यांची दुसरी खूण म्हणजे एक प्रश्न. कुणी काहीही कौतुकानं सांगायला आलं की अण्णा हातातलं काम न सोडता विचारायचे, "त्यात नवं काय हाय?" कुणी नवी गाडी घेतली, "चार चाकंच हायत न्हवं? नवं काय त्यात?" मी बारावीला पहिल्या वर्गात आले, पेढा घेऊन गेले, तर पेढा तोंडात टाकून तेच. मी चिडले. मग म्हटलं, "आता बेळगावला बीएस्सीला चाललेय. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली." अण्णांनी हातातली पक्कड खाली ठेवली. कमरेच्या फडक्याला हात पुसले, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "हे नवं हाय, बाय." आत बघून हाक मारली, "अगं, चा टाक. नंदिगड्ड्याची पोर कालेजात चालली."

माझे वडील नंदिगड्ड्याचे. भातशेती, आणि शेती नसेल तेव्हा जंगलातली मजुरी. सही करायचे, पण अक्षरं चित्रासारखी काढायचे. मी घरातली पहिली पदवीधर, हे मी अजूनही सांगते. सांगायला मला लाज वाटत नाही. पण या अभिमानानं एकदा काय केलं तेही सांगायला हवं, म्हणून हे लिहायला बसले.

अण्णा मूळचे जुन्या सुप्याचे. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते चौथीत होते. गाव उठलं, घरं रामनगरला आली, शाळेचा दाखला त्या गडबडीत कुठं गेला कुणाला कळलं नाही. नंतर ते बेळगावात एका गॅरेजात बॅटरीचं काम शिकले आणि परत येऊन दुकान थाटलं. धरणाच्या विजेवर कधी तोंड उघडायचे नाहीत. पण कागदावर मात्र बोलायचे. एकदा मी सेमिस्टरची मार्कलिस्ट दाखवायला नेली होती. ती त्यांनी कडेला धरून उलटसुलट पाहिली. "माझ्याजवळ आधार हाय, रेशनकार्ड हाय," ते म्हणाले. "ते सगळ्यांस्नीच देत्यात. माणूस हाय म्हणून देत्यात. मला अमुक येतंय म्हणून दिलेला कागद मात्र एक बी न्हाई."

त्यांना काय येत होतं, ते पावसाळा संपला की दिसायचं. बाजारकुणंग आणि तिकडच्या वाड्यांवरून लोक सोलरचे डबे डोक्यावर घेऊन यायचे. चार महिने ऊन नाही, बॅटरी रिकामी पडून राहते, आणि रिकाम्या बॅटरीच्या प्लेटवर पांढरं मीठ धरतं. एकदा ते कडक झालं की बॅटरी चार्ज घेत नाही. अण्णा दारातच चौकशी सुरू करायचे. "पावसात कुठं ठेवलीवती? चुलीम्होरं? आणि मोबाईल किती लावलंसा तिला?" माणूस खोटं बोलला तर लगेच ओळखायचे आणि म्हणायचे, "तुज्यापेक्षा तुजा डबा खरं बोलतोय." त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना ॲसिडची भोकं होती. वैनी, म्हणजे अण्णांची बायको, म्हणायच्या, "ह्यास्नी चाळणी नेसवली तरी चालंल."

आता राखुंडीचं सांगते. आमच्याकडं अजूनही जुन्या बायका राखुंडीनं दात घासतात. वैनींची राखुंडी फणसाच्या सालीची. साल उन्हात वाळवायची, पत्र्याच्या डब्यात ठासून झाकणाला शेणमाती लिंपायची, डबा निखाऱ्यात रात्रभर ठेवायचा. कोळसा कुटायचा, पंचाच्या कापडातून गाळायचा आणि पावसाच्या पाण्यात धुवायचा, पाणी नितळ येईतो. शेवटी मीठ आणि लवंग. एकदा मीठ घालायच्या आधीची राखुंडी सुपात वाळत होती आणि शेजारी घमेल्यात अण्णांचा प्लेट भरायचा लगदा. मांजरानं सूप कलंडवलं. राखुंडी लगद्यात गेली. अण्णांना शिशाचा लगदा फेकून देववेना. त्यांनी तो तसाच मायनस प्लेटच्या जाळीत भरला, बॅटरी बाजारकुणंगच्या एका आजीला दिली आणि खरं काय ते सांगूनच दिली. "राखुंडी पडलीया म्हातारे. पावसाळा काढला तर तुझं नशीब."

पावसाळा झाला. आजी आली नाही. दुसरा झाला, तरी नाही. अण्णांना वाटलं, रागावून दुसरीकडं गेली. एका दिवाळीला ते मुद्दाम तिकडं गेले, तर आजीच्या पडवीत दिवा लख्ख. आजी म्हणाली, "अण्णा, तुजी बॅटरी मरंना झालीया. असं झालं तर तुजं पोट कसं भरायचं?" अण्णा म्हणाले, "दुसऱ्यांच्या मरत्यात न्हवं."

तिथून पुढं अण्णांनी जे केलं त्याला प्रयोग म्हणतात, हे मला कॉलेजात गेल्यावरच कळलं. एकाच मापाचे डबे शेजारी मांडायचे, एकात राखुंडीची प्लेट, एकात बिनराखुंडीची, वर खडूनं खूण. एक चमचा, दोन चमचे, तीन चमचे. मीठ घातलेली राखुंडी एकदा घालून पाहिली तर पेटीच वाया गेली. तेव्हापासून वैनींच्या मिठाच्या बरणीला दुकानात बंदी. विहिरीचं पाणी की पावसाचं, बारीक कापड की जाड, सगळं करून पाहिलं. राखुंडीच्या प्लेटवर ते पांढरं मीठ कडक होत नाही, एवढं नक्की झालं. विचारलं तर म्हणायचे, "नवं काय त्यात? राखुंडीच हाय." आणि आतून वैनी, "व्हय, माझी राखुंडी हाय. चोर हायत हे."

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मराठी लेख मागवले. मी अण्णांवर लिहिलं. सुट्टीत दोन दिवस दुकानात बसले. वैनींनी चहा केला, अण्णांनी एकेक डबा उघडून दाखवला, आणि मी वहीत उतरवून घेतलं. किती साल, किती वेळ निखारा, किती वेळा धुणं, लगद्याला किती चमचे. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी होते. अर्धवट लिहायचं नाही असं आमच्या बाईंनी बजावलेलं. कुणीही वाचावं आणि करून पाहावं इतकं स्वच्छ मी लिहिलं. लेख छापून आला. वर पासपोर्टचा फोटो, खाली माझं नाव, तृतीय वर्ष विज्ञान. छापलेलं आपलं नाव मी किती वेळा पाहिलं ते सांगत नाही. वडिलांनी ते बोटानं एकेक अक्षर लावत वाचलं.

अण्णांनी ती पानं कापून घेतली, लॅमिनेट केली आणि दुकानात मीटरच्या वर खिळ्याला टांगली. येणाऱ्याला वाचायला लावायचे. एकानं विचारलं, "अण्णा, ह्यात तुमचं नाव कुठं हाय?" कारण लेखात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बॅटरीअण्णाच लिहिलं होतं. अण्णा म्हणाले, "बॅटरीअण्णा म्हंजे कोण मग, तुझा बा?" लोक हसले. मीही हसले.

पुढं मी बीएड केलं, तालुक्यातच माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला लागले. नोकरीला दोनतीन वर्षं झाली असतील तेव्हा जोयड्यात एक शिबिर भरलं. गावातल्या कारागिरांनी काही शोधलं असेल तर त्याचं पेटंट कसं घ्यायचं, याचं. हुबळीहून एक एजंट आले होते, तरुण, सभ्य; अर्धं कानडी अर्धं इंग्रजी बोलायचे. मी अण्णांना ओढत नेलं. ते म्हणाले, "राखुंडीचं कसलं पेटंट, बाय?" मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला येतंय म्हणून दिलेला कागद. सरकारचा शिक्का." अण्णा दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून एसटी स्टँडवर उभे होते. वैनी दारातून म्हणाल्या, "राखुंडी माझी, शिक्का ह्यास्नी." त्यालाही आम्ही हसलो.

शिबिरात एजंटांच्या टेबलाशी काय झालं ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. एजंट विचारायचे, मी मराठीत अण्णांना सांगायची, अण्णांचं उत्तर मी परत सांगायची. असे पंधरावीस प्रश्न झाले. मग त्यांनी विचारलं, "याबद्दल आधी कुठं छापून आलंय का?"

हा प्रश्न मी अण्णांना सांगितलाच नाही. मीच म्हटलं, "नाही."

मी खोटं बोलले असं नव्हे. मला लेख आठवला होता. पण छापून येणं म्हणजे मोठ्या इंग्रजी मासिकात, शास्त्रज्ञांच्या, असं मला वाटलं. कॉलेजचा मराठी अंक, तोही गठ्ठ्यानं पडून राहणारा, तो कोण मोजतो? आणि मनात कुठं तरी असंही असेल, की शहरातल्या माणसासमोर वार्षिक अंकातला लेख काढला तर तो हसेल. मी पदवीधर. मला प्रश्न कळला होता, मला उत्तर ठाऊक होतं, विचारायची गरज नव्हती. अण्णांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, "हाय की. माझ्या भिंतीवर हाय." चौथी शिकलेला माणूस बरोबर उत्तर देणार होता.

अर्ज गेला. फॉर्म मीच भरले. अण्णांचं पूर्ण नाव तेव्हा पहिल्यांदा विचारलं. पत्त्यात त्यांनी हट्टानं 'मूळ गाव जुने सुपे' लिहायला लावलं. दाव्यांचा मसुदा आला तेव्हा मी तो वाचून दाखवला. पेटंटमध्ये एक दावा म्हणजे एकच लांबलचक वाक्य असतं. अण्णा म्हणाले, "मधे दम घ्यायचा न्हाई काय?" फणसाला त्यात लॅटिन नाव होतं. "म्हंजे फणसच न्हवं?" "हो." "मग फणस म्हणायला काय झालं ह्यांस्नी?"

मग वाट पाहणं. पेटंट ऑफिसात अर्ज परीक्षकाकडं जातो. तो तपासतो, की ही गोष्ट जगात आधी कुठं होती का, आणि नसेल तरी कुणालाही सुचण्याइतकी सोपी आहे का. हे मी अण्णांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांना तो माणूस फार आवडला. "म्हंजे त्यो बी माझ्यासारखाच. नवं काय, इचारणारा." पुढं ते त्याला 'आमचा साहेब' म्हणायला लागले. मी रविवारी बाजाराला गेले की विचारायचे, "आमच्या साहेबानं कागद धाडला काय?" मी म्हणायची, वेळ लागतो. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. लॅमिनेट केलेला लेख धुरानं पिवळा पडला. शेजारी अण्णांनी आणखी एक खिळा मारून ठेवला होता. रिकामा.

अहवाल माझ्या मोबाईलवर आला. शाळेची मधली सुट्टी होती, मी स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. एजंटांनी पाठवलेली पीडीएफ. इंग्रजी कठीण होतं, पण एवढं कळत होतं की एक ते सहा, सगळ्या दाव्यांत नावीन्य नाही, कारण हे सगळं दस्तऐवज डी-एकमध्ये आधीच सांगितलेलं आहे. या विषयातला कोणीही जाणकार केवळ डी-एक वाचून ही वस्तू बनवू शकेल, असंही लिहिलं होतं. मी खाली गेले, डी-एक काय आहे ते पाहायला. एका महाविद्यालयाचा वार्षिक अंक. पान क्रमांक. लेखिका म्हणून माझं नाव. पुढच्या पानावर लेखाची प्रत, कोपऱ्यात माझा पासपोर्टचा फोटो, दोन वेण्या घातलेला.

कॉलेजनं जुने अंक स्कॅन करून वेबसाइटवर टाकले होते. परीक्षकाला मराठी येत असावं, किंवा कुणाकडून तरी त्यानं वाचून घेतलं असावं. त्यानं आपलं काम चोख केलं होतं. खरं तर अण्णांच्या बॅटऱ्या वाड्यावाड्यांवर चालू होत्या, तेही अर्जाच्या आड येण्यासारखं होतं. पण बंद पेटीत काय आहे ते बाहेरून दिसत नाही, ते सिद्ध करावं लागतं. माझा लेख सिद्ध करावा लागला नाही. तो उघडा होता.

चार दिवस मी रामनगरला गेले नाही. मग गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा म्हणाले, "साहेबाचं आलं वाटतं." माझ्या तोंडावरून ओळखलं असणार. मी कागद काढला, पण वाचायला जमेना. शेवटी म्हटलं, "अण्णा, साहेब म्हणतो, ह्यात नवं काय नाही."

अण्णा म्हणाले, "म्या बी तेच म्हणत हुतो की."

मी सगळं सांगितलं. एजंटांनी विचारलेला प्रश्न, मी परस्पर दिलेलं उत्तर, सगळं. ते उठले, खिळ्यावरचा लेख काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "ह्योच काय?" "हाच." "काय काय लिवलंय साहेबानं ह्याबद्दल?" मी सांगितलं, हे वाचून कुणीही करू शकेल असं लिहिलंय. अण्णांनी मान हलवली. "चांगलं लिवलंवतंस तू. साहेबाला बी कळलं."

माझ्या लिहिण्याला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी दाद हीच, आणि ती मी कुणाला सांगू शकत नाही.

उत्तर द्यायला सहा महिने होते. एजंटांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे, लेखात नाही असं काही असेल तर तेवढ्यापुरता दावा ठेवू. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि फोन केला, "बाय, तू काय बी सोडलं न्हाईस. सगळं लिवलंयस." दुसरी वाट अशी, की अण्णांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं : या मुलीनं माझी माहिती मला न विचारता, माझ्या परवानगीशिवाय छापली. चालेलच असं नाही, ते म्हणाले, पण कायद्यात तशी जागा आहे.

मी लगेच तयार झाले. खरंच सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. काहीतरी भरून द्यायला मिळत होतं. मी मसुदा करून घेतला, स्टॅम्पपेपर आणला आणि दुकानात गेले. अण्णांनी मला वाचायला लावलं. मी वाचलं.

"म्हंजे तू चोरलंस असं मी लिवून द्यायचं?"

"अण्णा, नुसतं कागदावर. मला काही होत नाही."

"कागदावरच तर लिवायचं न्हाई. तोंडानं म्हटलं असतं तर चाललं असतं, तोंडाचं लोक इसरत्यात." मग आत हाक मारली, "अगं, ही आलीवती लिवून घ्यायला तवा चा कुणी केलता?"

"मीच की," आतून वैनी. "दोन दिस चा नि दोन दिस पोहे. का?"

"काय न्हाई," अण्णा म्हणाले आणि स्टॅम्पपेपर घडी करून माझ्या पिशवीत घातला. "माझ्या नावाचा पैला कागद, आणि त्यात तुला चोर म्हणायचं? नको बाय. ऱ्हाऊ दे."

मी वाद घातला. रडलेही. त्यांनी एक सेल उचलला, तार लावली, जिभेला टेकवला आणि डोळे मिटून बसले. ते तसे बसले की बोलायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहा महिने उलटले. उत्तर गेलं नाही. अर्ज सोडून दिला असं धरलं गेलं.

त्यानंतर अण्णांनी मला कधी काही म्हटलं नाही, आणि तेच मला जड गेलं. रविवारी मी गेले की चहा यायचा, गप्पा व्हायच्या. लेख पुन्हा खिळ्यावर गेला होता. शेजारचा रिकामा खिळा तसाच. तो काढा असं सांगायचं धाडस मला झालं नाही. हळूहळू मी कमी जाऊ लागले. परीक्षा आहेत, पेपर तपासायचे आहेत, असं सांगत. शाळेत कारण नेहमीच सापडतं.

दिवेही बदलले. वाड्यांवर नवे सोलर दिवे आले, लिथियमचे, पांढरा सीलबंद डबा. बिघडला की फेकायचा आणि दुसरा आणायचा. अण्णांनी एक डबा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. "ह्याला जीभ लावायला जागाच न्हाई," ते म्हणाले. त्या वर्षी दिवाळीनंतर दुकानात तीनच माणसं आली. पुढच्या वैशाखात अण्णा दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला निरोप आला तेव्हा मी शाळेत निकालपत्रकं भरत होते. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

गेल्या महिन्यात मी दहावीच्या वर्गाला पेटंट म्हणजे काय ते शिकवत होते. शाळेत आता इंटरनेट आहे. पेटंट ऑफिसची वेबसाइट उघडली, त्यात नाव टाकून अर्ज शोधता येतात हे दाखवत होते. एका मुलीनं विचारलं, "बाई, आपल्या तालुक्यातलं कुणाचं हाय काय?" मी अण्णांचं पूर्ण नाव टाकलं. आलं.

अर्ज आला की तो काही महिन्यांनी प्रकाशित होतो, परीक्षणाच्या आधीच. पुढं तो मंजूर होवो, नामंजूर होवो, कुणी सोडून देवो, प्रकाशित झालेला कागद कायम राहतो. पुढं कुणीही फणसाच्या सालीच्या कोळशावर हक्क सांगायला आला, तर परीक्षक हा कागद त्याच्यापुढं ठेवू शकतो. वर सरकारचं नाव, अर्जाचा क्रमांक. खाली, शोध लावणाऱ्याचं नाव : अण्णांचं, वडिलांच्या नावासकट. पत्ता, मूळ गाव जुने सुपे.

अण्णा दर रविवारी विचारत होते, साहेबानं कागद धाडला काय, तेव्हा तो कागद तिथं होता. त्यांनी रिकामा खिळा मारला तेव्हाही बहुधा असेल. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मला तो काढून आणता आला असता. मी शोधून पाहिलं नाही. मला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते, की कागद म्हणजे पेटंट, आणि पेटंट नाही म्हणजे कागद नाही. वर्गात मुलं पडद्याकडं बघत होती. मी तास संपवला.

त्या रविवारी तो कागद छापून, लॅमिनेट करून मी रामनगरला नेला. दुकान बंद असतं. वैनी मागच्या घरात एकट्याच राहतात. अंगणात सुपात राखुंडी वाळत होती. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, हे काय आहे, कायम राहणार आहे, कुणी पुसू शकत नाही. अण्णांच्या नावावर त्यांचं बोट ठेवलं. वैनींना वाचता येत नाही, पण त्या जागेवर त्यांनी बोट बराच वेळ धरून ठेवलं.

"ह्यांचं नाव," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि ह्यात माझी राखुंडी हाय?"

"आहे. पहिल्याच दाव्यात आहे. साल, निखारा, पावसाचं पाणी. तुम्ही करता तसं सगळं."

"मग माझं नाव कुठं हाय?"

त्यांनी चेष्टेनं विचारलं नाही आणि रागानंही नाही. कुठं ते दाखव, बोट ठेवते, अशा बेतानं बोट उचलून थांबल्या होत्या. मी कागदाकडं पाहिलं. शोध लावणाऱ्यांसाठी त्या रकान्यात आणखी नावं लिहायला जागा होती. तो फॉर्म मी भरला होता, माझ्या हातानं, आणि वैनींचं नाव काय हे मला अजूनही ठाऊक नव्हतं.

"राहिलं, वैनी," मी म्हटलं.

वैनींनी बोट खाली घेतलं. कागद पदरानं पुसला, सुपाशेजारी ओसरीवर नीट ठेवला आणि राखुंडी हातानं पसरत म्हणाल्या,

"असूंदे. त्यात नवं काय हाय?"